बिझनेस क्लासचे स्वस्त तिकीट : पैसे भरण्याआधी वाटेतला व्हिसा बघा

दोन वर्षांपूर्वीची आमच्याच घरातली गोष्ट. खाला आणि खालू टोरांटोला निघाले होते. मुलीचे बाळंतपण जवळ आलेले. खालाचे दोन्ही गुडघे धरलेले, खालूंना मधुमेह. या वयात एवढा लांबचा प्रवास पाय दुमडून बसून नको, दोघांना बिझनेस क्लासनेच आणायचे, असे जावयाने ठरवले. ओळखीच्या एका एजंटने तिकीट शोधून दिले. बाकीच्या तिकिटांपेक्षा दोघांत मिळून जवळजवळ लाखभर रुपये कमी. सगळे खूश. चिपळूणहून गाडी करून दोघे मुंबईच्या विमानतळावर पोहोचले, बॅगा काट्यावर चढल्या, आणि काउंटरवरच्या मुलीने विचारले, "अमेरिकेचा व्हिसा?"

खाला म्हणाली, "आम्ही कॅनडाला चाललोय बेटा, अमेरिकेला नाही."

तिकीट मुंबई–नेवार्क–टोरांटो असे होते. नेवार्क म्हणजे न्यूयॉर्कच्या शेजारचे विमानतळ. तिथे तीन तास थांबून फक्त विमान बदलायचे होते. पण अमेरिकेत नुसते विमान बदलायलाही व्हिसा लागतो. खाला-खालूंच्या पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा होता, अमेरिकेचा नव्हता. बॅगा काट्यावरून खाली उतरल्या. तिकीट सर्वांत स्वस्त भाड्याचे असल्यामुळे थोडेफार कर सोडले तर पैसे परत मिळाले नाहीत. नवे तिकीट काढून, आखातातून फिरून ते पाच दिवसांनी पोहोचले. नात त्याच्या आदल्या दिवशी जन्मली होती.

चूक एजंटची होती हे खरे, पण ती आमचीही होती. आम्ही सगळ्यांनी भाडे बघितले, तारीख बघितली, सीट आडवी होते का तेही बघितले. मधल्या थांब्याचे नाव कोणी वाचले नाही. हा लेख त्यासाठीच आहे. मुले लंडनला, कॅनडात, केपटाऊनला किंवा आखातात, आणि म्हातारे आईवडील कोकणात, मुंब्र्यात किंवा पुण्यात, अशी आपल्याकडे कितीतरी घरे आहेत. अशा घरातल्या कोणीतरी एकाने तरी हे समजून घ्यावे.

आधी एक साधा प्रश्न : बिझनेस खरंच हवा आहे का?

पुष्कळ घरांत बिझनेस क्लासचा विचार सुरू होतो तो गुडघ्यांमुळे. विमानतळावर चालवत नाही, रांगेत उभे राहवत नाही. पण व्हीलचेअरची मदत कोणत्याही वर्गाच्या प्रवाशाला मागता येते. तिकीट काढतानाच ती नोंदवायची. चेक-इनपासून विमानाच्या दारापर्यंत, मधल्या थांब्यावर आणि शेवटच्या विमानतळावर बॅगा घेईपर्यंत माणूस सोबत असतो. तेव्हा चालण्यापुरती अडचण असेल तर इकॉनॉमीत, शौचालयाजवळची कडेची सीटही भागवून नेते.

बिझनेसचा खरा फायदा झोपेचा आणि पाय लांब करण्याचा. मुंबई–दुबई तीन तासांचा प्रवास, तिथे जास्तीचे पैसे बहुतेक वेळा वाया जातात. मुंबई–लंडन नऊ-दहा तास, मुंबई–न्यूयॉर्क पंधरा-सोळा तास. तिथे फरक पडतो. त्यामुळे वाटेत विमान बदलायचे असेल तर लांबचा आणि रात्रीचा टप्पा कोणता, ते आधी बघा. काही कंपन्या एकाच तिकिटात एक टप्पा इकॉनॉमी आणि दुसरा बिझनेस असा मेळ घालून देतात.

भाडे ठरते कसे

विमानात बिझनेसच्या तीस-चाळीस सीट असतात, पण त्यांची किंमत एक नसते. कंपनी त्या सीट जे, सी, डी, आय, झेड, पी अशा अक्षरांच्या गटांत विकते. एकाच रांगेत शेजारी शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकाने दुसऱ्याच्या दुप्पट पैसे भरलेले असू शकतात. महाग गटात तारीख बदलता येते, रद्द केल्यास बरेच पैसे परत मिळतात. स्वस्त गटात तिकीट आधी काढायचे, ठरलेले दिवस तिथे राहायचे, रद्द केले तर विसरून जायचे. "काल स्वस्त होतं, आज महाग झालं" असे होते तेव्हा बहुधा स्वस्त गटाच्या सीट संपलेल्या असतात.

दुसरी गोष्ट मागणीची. कंपनीच्या खर्चाने फिरणारे लोक कामाच्या दिवसांत प्रवास करतात. शाळांच्या सुट्ट्यांत आणि डिसेंबरच्या शेवटी इकॉनॉमी भरून वाहते, पण ऑफिसचे लोक घरी बसतात. त्यामुळे काही मार्गांवर त्याच दिवसांत बिझनेसची भाडी खाली येतात आणि दोन वर्गांतले अंतर कमी होते. म्हणून सुट्टीच्या दिवसांत इकॉनॉमीचे भाडे बघून दचकलात, तर एकदा बिझनेसचाही आकडा बघावा. जेद्दाहचे गणित मात्र वेगळे. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत तिथल्या विमानांत सूट शोधू नये.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. थेट जाणाऱ्या विमानाला भाव असतो. वाटेत थांबणारी कंपनी प्रवासी आपल्याकडे ओढण्यासाठी भाडे कमी करते. दुबई, दोहा, अबू धाबी, इस्तंबूल, अदिस अबाबा इथल्या कंपन्यांचा धंदाच त्यावर उभा आहे. म्हणजे तिकीट स्वस्त झाले ते मधल्या थांब्यामुळे. आणि व्हिसाची अडचण येते तीही त्याच थांब्यावर. स्वस्त तिकीट आणि ट्रान्झिट व्हिसा हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. एकाचे उत्तर काढताना दुसऱ्याचेही काढावेच लागते.

भाडे खाली आणायचे मार्ग

पहिला मार्ग, तारखा मोकळ्या ठेवा. गुगल फ्लाइट्ससारख्या साइटवर वर्ग बदलून बिझनेस निवडला की महिन्याभराची भाडी कॅलेंडरवर दिसतात. दोन दिवस मागे-पुढे झाल्याने मोठा फरक पडतो. तिथे भाडे शोधा, पण तिकीट शक्यतो विमान कंपनीच्या स्वतःच्या साइटवर किंवा भरवशाच्या एजंटकडे काढा. विमान रद्द झाले तर कोणाच्या मागे लागायचे हे त्यामुळे ठरलेले राहते.

दुसरा मार्ग, जाताना बिझनेस आणि येताना इकॉनॉमी. लंडनच्या बाबतीत याला आणखी एक कारण आहे. ब्रिटनमधून निघणाऱ्या प्रवाशावर तिथले सरकार प्रवासी कर लावते. एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या वर्षात भारताएवढ्या अंतरासाठी हा कर इकॉनॉमीला ९० पाउंड आणि बिझनेसला २१६ पाउंड होता. दर एप्रिलमध्ये तो बदलतो. लंडनहून परत येताना इकॉनॉमीत बसलात तर भाड्याबरोबर हा फरकही वाचतो. भारतातही कराचा फरक आहेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून इकॉनॉमीच्या तिकिटावर जीएसटी ५ टक्के आणि त्यावरच्या वर्गांवर १८ टक्के आहे. आधी तो १२ टक्के होता. जाहिरातीतला आकडा करांसह आहे की करांशिवाय, हे म्हणूनच विचारायचे.

तिसरा मार्ग, इकॉनॉमीचे तिकीट काढून वरच्या वर्गासाठी बोली लावणे. अनेक कंपन्या प्रवासाच्या आधी ई-मेल पाठवतात, "तुम्ही किती जास्त द्याल?" सीट रिकामी राहत असेल तर बोली मान्य होते, नाही झाली तर पैसे कापले जात नाहीत. चेक-इनच्या वेळीही कधी कधी ठरलेल्या रकमेत सीट मिळते. तरुण माणसासाठी हे ठीक. पण आजारी आईवडिलांना नशिबावर सोडू नका.

चौथा मार्ग, मैल. आखातात नोकरी करणाऱ्या कितीतरी जणांच्या नावावर वर्षानुवर्षांचे मैल पडून असतात आणि मुदत संपली की बुडतात. काही कंपन्या घरातल्या लोकांचे मैल एका खात्यात जमा करू देतात. त्यातून अब्बा-अम्मीसाठी एका बाजूचे बिझनेसचे तिकीट निघू शकते, फक्त कर आणि अधिभार रोख भरावे लागतात. क्रेडिट कार्डाच्या पॉइंटवरूनही मैल मिळतात. पण बिल एकदा जरी थकले तरी पॉइंटपेक्षा व्याज जड होते, आणि आपल्यातले पुष्कळ जण व्याजाच्या भीतीने त्या वाटेलाच जात नाहीत. त्यांनी विमान कंपनीचे सभासदत्व तरी घ्यावे. ते फुकट असते.

इथे एक इशारा. व्हॉट्सॲपवर "अर्ध्या किमतीत बिझनेस क्लास" म्हणून फिरणारी काही तिकिटे दुसऱ्या कोणाचे तरी मैल विकत घेऊन काढलेली असतात. मैलांची अशी विक्री कंपन्यांच्या नियमांविरुद्ध आहे. कंपनीच्या लक्षात आले तर ती तिकीट रद्द करू शकते, कधी कधी परतीचा प्रवास बाकी असतानाही.

पाचवा मार्ग म्हणजे दुसऱ्या शहरातून सुरुवात करणे. भाडे हे प्रवास कुठून सुरू होतो त्यावर ठरते. तोच दोहा–लंडन टप्पा मुंबईहून निघणाऱ्याला एका भावात आणि कोलंबोहून निघणाऱ्याला दुसऱ्या भावात मिळतो. काही जण मुंबई–कोलंबो वेगळे तिकीट काढून तिथून पुढचा बिझनेसचा प्रवास करतात. हिशेब कागदावर सुंदर दिसतो. पण तिकिटे दोन झाली की कोलंबोत बॅगा ताब्यात घेऊन पुन्हा चेक-इन करावे लागते, म्हणजे श्रीलंकेत प्रवेशाची परवानगी लागते. पहिले विमान उशिरा पोहोचले आणि दुसरे सुटले तर जबाबदारी कोणाचीच नाही. आणि पहिला टप्पा सोडून मधूनच चढता येत नाही, कारण पहिल्या विमानात तुम्ही बसला नाहीत तर पुढचे सगळे टप्पे कंपनी रद्द करते.

स्वस्तात काय कापले जाते

काही कंपन्यांच्या सर्वांत स्वस्त बिझनेस भाड्यात लाउंज नसते, आधी सीट निवडायला पैसे पडतात. सहा तासांचा थांबा असेल तर म्हाताऱ्या माणसाला लाउंज हे निम्मे तिकीट आहे. शिवाय "बिझनेस" हा शब्द सगळीकडे एकच नसतो. लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानात बहुधा पूर्ण आडवी होणारी सीट असते. लहान विमानात नुसती रुंद, मागे झुकणारी खुर्चीही असू शकते. तिकिटावर विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, त्यावरून सीटचा नकाशा बघा. दोन-तीन-दोन अशी रांग असेल तर मधल्या माणसाला उठायला शेजाऱ्याचे पाय ओलांडावे लागतात.

जेवणाचेही आधी सांगून ठेवा. आखाती कंपन्यांवर हलाल जेवणाचा प्रश्न येत नाही, पण युरोपच्या किंवा अमेरिकेच्या कंपनीत बिझनेसमध्येही मुस्लिम जेवण वेगळे नोंदवावे लागते. त्याचा संकेत "एम-ओ-एम-एल" असा आहे. निदान चोवीस तास आधी ही नोंद झालेली असावी.

ट्रान्झिट म्हणजे नेमके काय

विमानतळाचे दोन भाग असतात. एक इमिग्रेशनच्या अलीकडचा, जिथे तुम्ही अजून त्या देशात शिरलेला नसता. दुसरा इमिग्रेशनच्या पलीकडचा, जिथे शिक्का मारून तुम्ही देशात येता. एकाच तिकिटावर, बॅगा शेवटपर्यंत लावलेल्या असताना, एकाच विमानतळावर तुम्ही विमान बदलता तेव्हा बहुतेक देशांत अलीकडच्या भागातच राहता. व्हिसा लागत नाही. पण या तिन्हीपैकी एक अट मोडली की देशात प्रवेश करावा लागतो.

विमानतळाची अट सर्वांत फसवी. लंडनला हीथ्रोवर उतरून गॅटविकहून निघणे, पॅरिसला शार्ल द गोलवर उतरून ओर्लीहून निघणे, इस्तंबूलला नव्या विमानतळावर उतरून सबीहा गोकचेनहून निघणे. तिकिटावर शहराचे नाव एकच दिसते, पण मध्ये रस्त्याने प्रवास आहे. शहराच्या नावाखालचे तीन अक्षरांचे संकेत उतरताना आणि निघताना तेच आहेत का, ते पडताळा.

आता आपल्याला लागणारे देश एकेक बघू. हे सगळे भारतीय पासपोर्टसाठी आहे.

अमेरिका. इथे अलीकडचा भाग हा प्रकारच नाही. विमान बदलायचे असले तरी प्रत्येक प्रवासी इमिग्रेशनमधून जातो, बॅगही बहुधा तिथेच घ्यावी लागते. म्हणून ट्रान्झिटचा सी-१ व्हिसा किंवा भेटीचा बी-१/बी-२ व्हिसा हवाच. कॅनडाला जाणाऱ्याकडे तो नसेल तर अमेरिकेतून जाणारे तिकीट कितीही स्वस्त असो, घेऊ नका.

कॅनडा. कॅनडातून पुढे जाणाऱ्या भारतीयाकडे कॅनडाचा भेटीचा व्हिसा नसेल तर ट्रान्झिट व्हिसा लागतो. ४८ तासांच्या आत पुढे जायचे असते. त्याचे शुल्क नाही, पण अर्ज आधी करावा लागतो.

ब्रिटन. हीथ्रोवर इमिग्रेशनच्या अलीकडेच राहून विमान बदलायचे असले तरी भारतीयाला एअरसाइड ट्रान्झिट व्हिसा लागतो. पण अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा चालू व्हिसा असेल तर त्यातून सूट आहे. खाला-खालूंकडे कॅनडाचा व्हिसा होता, म्हणजे त्यांना हीथ्रोमार्गे जाता आले असते. हे आम्हाला नंतर कळले. इमिग्रेशन ओलांडून बॅग घ्यायची किंवा रात्र काढायची असेल तर नियम वेगळा आणि जास्त कडक. तिथे पुढचे पक्के तिकीट उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीपूर्वीचे असावे लागते. ज्यांना व्हिसा लागतोच त्यांनी अर्जासाठी साधारण तीन आठवडे धरून चालावे.

युरोपचे शेंगेन देश. विमानतळ ट्रान्झिट व्हिसा ज्यांना सगळीकडे लागतो अशा देशांची एक समान यादी आहे. त्यात पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका आहेत, भारत नाही. पण प्रत्येक शेंगेन देशाला स्वतःची जादा यादी करण्याची मुभा आहे, आणि काही देशांच्या जादा यादीत भारत राहिलेला आहे. या याद्या बदलत राहतात. म्हणून एका देशाच्या विमानतळाचा नियम दुसऱ्याला लावू नका, आणि गेल्या वर्षी भावाला चालले म्हणून यंदा आपल्याला चालेल असेही धरू नका. ज्यांच्याकडे शेंगेनचा, अमेरिकेचा, कॅनडाचा किंवा जपानचा चालू व्हिसा आहे त्यांना या ट्रान्झिट व्हिसाची गरज नसते.

इथे एक मोठा खड्डा आहे. मुंबई–फ्रँकफर्ट–ॲम्स्टरडॅम–टोरांटो असे दोन युरोपियन थांब्यांचे तिकीट. फ्रँकफर्ट ते ॲम्स्टरडॅम हा शेंगेनच्या आतला प्रवास, म्हणजे फ्रँकफर्टलाच इमिग्रेशन ओलांडावे लागते. त्याला ट्रान्झिट व्हिसा पुरत नाही, पूर्ण शेंगेन व्हिसा लागतो. स्वस्त तिकिटांत असे दोन थांबे हमखास सापडतात.

आखात. दुबई, अबू धाबी, दोहा इथे एकाच तिकिटावर आतल्या आत विमान बदलणाऱ्या भारतीयाला व्हिसा लागत नाही. कमी शिकलेल्या, एकट्याने प्रवास करणाऱ्या आईसाठी हा मार्ग सर्वांत निर्धोक, भाडे थोडे जास्त असले तरी. बाहेर पडून नातेवाइकांना भेटायचे असेल तर अमिरातीत ४८ आणि ९६ तासांचे ट्रान्झिट व्हिसा आहेत. ते विमान कंपनीमार्फत आधी काढायचे.

अमिरातीबद्दल आपल्या घरांसाठी एक खास बाब. आपल्याकडे जुन्या बायकांच्या पासपोर्टवर पुष्कळदा एकच नाव असते, आडनावाचा रकाना रिकामा. नोव्हेंबर २०२२ पासून असा एकाच नावाचा पासपोर्ट भेटीच्या व्हिसावर अमिरातीत चालत नाही. पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचे किंवा घराण्याचे नाव असेल तर चालेल, असा खुलासा नंतर आला. तरी नवा पासपोर्ट काढताना पूर्ण नाव घालून घेणेच बरे.

सौदी अरेबिया. जानेवारी २०२३ पासून सौदिया आणि फ्लायनास या कंपन्यांच्या प्रवाशांना तिकिटाबरोबरच स्टॉपओव्हर व्हिसा मागता येतो. त्यावर ९६ तास राहता येते आणि उमराही करता येतो. मुंबईहून जेद्दाहमार्गे लंडनला जाणाऱ्याला वेगळा प्रवास न करता उमरा घडतो. मात्र उमऱ्याची वेळ नुसुक ॲपवर घ्यावी लागते, आणि हजच्या दिवसांत मक्केत प्रवेशावर बंधने असतात. आणखी एक, भारतातून जेद्दाहला जाताना मीकात विमानातच ओलांडली जाते. बिझनेसमध्ये आडवे होऊन झोप लागली आणि घोषणा ऐकू आली नाही असे नको. इहरामचे कपडे घरून किंवा विमानतळावरच घालून निघालेले बरे.

एक घर, वेगवेगळे पासपोर्ट

मुलगा ब्रिटिश पासपोर्टवर, सून भारतीय पासपोर्टवर, नातवंडे ब्रिटिश, अम्मी भारतीय. पाच तिकिटे एकत्र काढली जातात आणि मुलगा स्वतःपुरते बघतो, "मला तर काही लागत नाही." नियम तिकिटाला नसतो, प्रत्येक पासपोर्टला असतो. ओसीआय कार्ड भारतात येण्यासाठी आहे. वाटेतल्या देशात त्याचा काही उपयोग नाही. पासपोर्ट सहा महिने तरी चालू असावा. व्हिसा जुन्या पासपोर्टवर असेल तर दोन्ही पासपोर्ट हातातल्या पिशवीत ठेवावेत, बॅगेत नव्हे.

काउंटरवरचे लोक एवढे ताठर का वागतात, असे वाटते. कारण कागदपत्रे अपुरी असलेला प्रवासी आणला तर दंड विमान कंपनीला होतो. ब्रिटनमध्ये तो एका प्रवाशामागे २,००० पाउंडांपर्यंत आहे. त्यामुळे ते टिमॅटिक नावाच्या नियमसंग्रहात तुमचा पासपोर्ट, व्हिसा आणि मार्ग टाकून बघतात. तिथे "नाही" आले की विनवणीचा उपयोग नसतो. काही विमान कंपन्यांच्या साइटवर हीच तपासणी प्रवाशालाही करता येते. ती पैसे भरण्याआधी करा.

पैसे भरण्याआधी एजंटला विचारायचे प्रश्न

१. वाटेतले सगळे थांबे कोणते? प्रत्येक थांब्यावर उतरायचे आणि चढायचे विमानतळ एकच आहे का?

२. सगळा प्रवास एकाच तिकिटावर आहे का? बॅग शेवटपर्यंत जाईल का?

३. प्रत्येक प्रवाशाच्या पासपोर्टप्रमाणे प्रत्येक थांब्यावर काय लागते? उत्तर तोंडी नको, व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. आणि त्या देशाच्या सरकारी साइटवर स्वतःही बघा.

४. रद्द केले, तारीख बदलली, किंवा व्हिसाअभावी बसू दिले नाही तर किती पैसे परत मिळतात?

५. सगळे टप्पे बिझनेसचे आहेत का? लाउंज आहे का? विमान कोणते?

६. नुसते बुकिंग झाले की तिकीट निघाले? निघालेल्या तिकिटाला तेरा आकडी नंबर असतो. बुकिंगचा संकेत घेऊन कंपनीच्या साइटवर स्वतः बघा. नाव पासपोर्टप्रमाणे आहे, व्हीलचेअर आणि जेवण नोंदले आहे, हे त्याच वेळी तपासा.

चांगला एजंट या प्रश्नांनी चिडत नाही. उलट तोच तुम्हाला आधी पासपोर्टचे फोटो मागतो आणि मग भाडे सांगतो. जो पासपोर्ट न बघता भाडे सांगतो, त्याच्याकडून तिकीट घेताना जास्त काळजी घ्या.

खाला आता दुसऱ्यांदा टोरांटोला निघाली आहे. नात दोन वर्षांची झाली. या वेळी तिकीट दोह्यामार्गे आहे, एकच थांबा. लांबच्या टप्प्याला बिझनेस, मुंबई–दोहा इकॉनॉमी, दोन्हीकडे व्हीलचेअर. मागच्यापेक्षा थोडे महागच पडले. जावयाने फोनवर भाडे सांगितले तेव्हा तिने आकड्याबद्दल काही विचारले नाही. तिने एवढेच विचारले, "मध्ये कुठं उतरायचं, आणि तिथं माझा पासपोर्ट चालतो ना?"